आधी कोड दाखवा, मग बिल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खड्डे आणि पार्किंगवर आपल्याकडे पत्रं येतच असतात, मी जरा गॅरेजबद्दल लिहितेय.

आमची ९ वर्षांची पेट्रोल गाडी. भाऊबीज करून धुळ्याहून इंदूरला परत येताना बिजासन घाटाच्या चढावर झटके खायला लागली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पिकअप मरायचं आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागला नाही तर लुकलुकायला लागला. ती लुकलुक म्हणजे काय हे मला मागाहून कळलं. इंजिनच्या एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, त्याला 'मिस करणं' म्हणतात. ते न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतं, तो तापून बाद होतो, आणि तो पार्ट फार महाग. दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्यायची असते, आम्ही मात्र तशीच घरापर्यंत रेटली.

इथे गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि निकाल दिला, "मॅडम, इंजेक्टर गया." (इंजेक्टर म्हणजे सिलिंडरला पेट्रोल फवारणारा पार्ट.) गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर नाही, काही नाही. चार प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, साडेसहा हजार घेतले. दोन दिवस बरं वाटलं (की आपणच वाटून घेतलं देव जाणे), मग सिग्नलला थांबलं की स्टिअरिंग परत थरथरतंय. पुन्हा गेले तर आता म्हणे फ्युएल पंप. जुने प्लग मागितले तर भंगारात गेले.

शेवटी भाच्याने ब्लूटूथवाला स्कॅनर आणून स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला, मोबाइलवर कोड आला पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे ३ नंबर मिस करतोय. इंजिन थंड झाल्यावर त्याने ३ नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट) काढून १ वर बसवली, १ ची ३ वर, कोड पुसला आणि कॉलनीत चक्कर मारली तर कोड आला पी०३०१! खराबी कॉइलसोबत पळाली म्हणजे कॉइलच गेलेली. ३ वरच राहिली असती तर प्लग, इंजेक्टर, सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) बघत बसायचं होतं. अर्ध्या तासाचं काम, खर्च शून्य.

आणि त्या कॉइलचा रबरी बूट तेलाने ओलाचिंब. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट (रबरी सील) झिरपून प्लगच्या खोबणीत तेल साचलेलं, नुसती कॉइल टाकली असती तर नवीनही तशीच गेली असती. मला सांगा, प्लग बदलणाऱ्याला हे तेल दिसलं नसेल?

तेव्हा गॅरेजवाल्यांनी बिलावर कोड लिहावा आणि काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, एवढं मागायला कोणी लाजू नये. मी जाऊन आमच्या गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "भाईसाब को भेज दीजिए, उनको समझा दूंगा." आमच्या ह्यांना प्लग कुठे असतो ते अजून माहीत नाही.

एक वाचक, इंदूर