वरच्या खोलीतल्या पोरीला, मनापासून

विश्रामबाग, सांगली

प्रिय पोरी,

नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. पण आभार मला चारचौघांतच मानायचे होते.

माझा लॅपटॉप विंडोजवर नाही, उबंटूवर चालतो. त्या रात्री मी त्याचं २२.०४ वरून २४.०४ वर जायचं अपडेट लावलं आणि भाकरी थापायला उठले. निम्म्यात लाइट गेली. लॅपटॉप २०१४ चा, त्याची बॅटरी जेमतेम दहा मिनिटांची. सकाळी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी, आणि शेवटी ‘कर्नल पॅनिक’. दुकानात नेला. ‘फॉरमॅट मारायला लागेल, डेटा राहणार नाही,’ म्हणाले. लॅपटॉप तसाच पिशवीत घालून घरी आणला आणि जिन्यात तू भेटलीस.

त्या डेटात काय होतं ते तुला नंतर कळलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमचं हरिपूरचं घर बुडालं. माळ्यावरून खाली आणलेल्या सासऱ्यांच्या हळदीच्या वह्यांचा लगदा झाला. कोणाच्या पेवात कुणाची किती पोती, कधी भरली, कधी काढली, त्या दिवशी भाव काय, सगळं त्यांच्या हातचं. त्याच उन्हाळ्यात मी मोबाइलवर ती पानं टिपून ठेवली होती. अकराशे चाळीस फोटो. वह्या गेल्या, फोटो उरले, आणि त्यांची दुसरी कॉपी मी कधी केलीच नाही.

तू बॅग खाली ठेवलीस, फरशीवर मांडी घालून बसलीस आणि बराच वेळ एकही बटण दाबलं नाहीस. ओळ न् ओळ वाचलीस. मग म्हणालीस, “काकू, डिस्कला काही झालेलं दिसत नाही. नवीन कर्नल, म्हणजे उबंटूचा गाभा, आलाय, पण चालू होताना त्याला डिस्क उघडून देणारं एक गाठोडं लागतं, इनिट्रॅमएफएस. ते बांधून व्हायच्या आधीच लाइट गेली. परत बांधता येतं ते.” दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला काय बिघडलंय ते सांगत होतं.

एस्केप दाबून तू जुना कर्नल निवडून बघितलास. तो थोडा पुढं गेला आणि अडकला, कारण बाकीची पॅकेजेस, म्हणजे उबंटूचे सुटे भाग, अर्धी नवी, अर्धी जुनी झालेली. मी म्हटलं, आता कर बाई लवकर काय ते. तू मान हलवलीस. “आधी फोटो बाहेर काढू. दुरुस्त करताना माझ्याच हातून काही चुकलं तर?”

या वाक्यासाठी हे पत्र आहे. दुसऱ्या दिवशी तुझी सबमिशन होती, तरी तू घाई केली नाहीस. तुझ्या पेनड्राइव्हवरून उबंटू चालू केलंस, माझी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडलीस, आणि ३८ जीबी माझ्या बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घेतलंस. पाऊण तास लागला. त्या वेळात चहा झाला. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स, म्हणजे उबंटूचा हाच गाभा, लिहायला घेतलं तेव्हा तो हेलसिंकीला शिकत होता, एकवीस वर्षांचा, हे तू सांगितलंस. तुझ्याच वयाचा की गं! कॉपी झाल्यावरही तू नुसत्या आकड्यावर विसंबली नाहीस. मधले मधले फोटो उघडून बघितलेस. त्यातल्या एकावर थांबून विचारलंस, “काकू, पेव म्हणजे काय?”

मग दुरुस्ती. पेनड्राइव्हवरून चालू असलेल्या उबंटूमधून माझ्याच डिस्कच्या आत जाऊन बसायचं, त्याला सीएचरूट म्हणतात, हे मी वहीत लिहून घेतलंय. की-बोर्ड माझ्याकडं दिलास. “मी सुट्टीला माणला गेले तर तुम्हाला यायला पाहिजे,” म्हणालीस आणि एकेक अक्षर सांगत गेलीस: डीपीकेजी, स्पेस, दोन डॅश, कॉन्फिगर, स्पेस, डॅश, ए. अर्धवट राहिलेली पॅकेजेस एकेक करून लागू लागली. पुढं एका ठिकाणी नेट मिळेना. बाहेर वायफाय चालू, आत काही पोचत नाही. तू वीस मिनिटं गप्प बसून विचार केलास आणि मग नेटवरचे पत्ते कुणाला विचारायचे ते सांगणारी बाहेरची ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइल आत नेऊन ठेवलीस. नेट आलं. राहिलेलं उतरलं. त्यानंतर ते गाठोडं बांधायला अपडेट-इनिट्रॅमएफएस, चालू होतानाची कर्नलची यादी नीट करायला अपडेट-ग्रब, मग पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट. रात्रीचे बारा वाजून गेले होते. पासवर्डची चौकट आली तेव्हा मला बोलता येईना, आणि तू काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढं केलास.

फोटोंची एक कॉपी आता कपाटात आहे, दुसरी मिरजेला नणंदेकडं. बॅटरीही नवी घातली.

पैसे तू घेतले नाहीस, भडंगाचा डबा तेवढा नेलास. पेवाचं उत्तर मी त्या रात्री नीट दिलं नव्हतं. जमिनीत खोल खणलेलं कोठार, वरून माती लिंपून बंद केलं की हळद आत वर्षानुवर्षं टिकते. पण हे सांगून कळायचं नाही. परीक्षा संपली की एका रविवारी तुला हरिपूरला नेते. २००५ च्या पुरात पुष्कळ पेवं गेली, तरी आमची जागा कुठं होती ते मला दाखवता येईल. संगमेश्वराचं दर्शन घेऊ, आणि सासऱ्यांच्या वहीतलं तेच पान लॅपटॉपवर उघडून तिथं बसून वाचू.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू