बागेत चित्र दाखवायचं, पण विकायचं नाही?

माननीय कला व संस्कृती मंत्री, गोवा राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहतो. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता घरी असतो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. मला कोणाला अडचणीत आणायचं नाही, आणि शिवाय पुढच्या महिन्यात त्याच पंचायतीत घरपट्टी भरायला जायचं आहे.

आमच्या गावात एक बाग आहे. बाग म्हटल्यावर डोळ्यांसमोर कारंजं आणि घसरगुंडी येईल, तशी ती नाही. जुन्या विहिरीशेजारी पंचायतीची एक मोकळी जागा होती, तिथं वर्षानुवर्षं कचरा पडायचा. वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, बायकांनी ती साफ केली. एका कडेला अबोली, जास्वंद, दुसऱ्या कडेला तांबडी भाजी, मुळा, हळसांद्यांचे (चवळीचे) वाफे. मधे एक ओवळाचं, म्हणजे बकुळीचं, झाड आधीपासून होतं, ते राहिलं. भाजी कोणी विकत नाही, पाणी घालणाऱ्यांत वाटून घेतात. संध्याकाळी म्हातारी माणसं येऊन बसतात. गावात एवढी एकच जागा अशी आहे, जिथं येऊन बसायला लग्न, बारसं किंवा मयत असावं लागत नाही.

या बागेत गेल्या डिसेंबरात आम्ही अकरा जणांनी चित्रं मांडायचं ठरवलं. अकरा जण म्हणजे कोण? माझे दोन जुने विद्यार्थी, एक फलक रंगवणारा, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी दोन महिने गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागी, राबणारे तिघे भाऊ, कुंभारकाम करणारी एक मुलगी, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ जे आयुष्यभर चोरून जलरंग करत होते, आणि असेच आणखी काही. पंचायतीला अर्ज दिला. आठ दिवसांनी शेरा मिळाला: ‘प्रदर्शनास हरकत नाही. विक्री करता येणार नाही.’

मी त्या शेऱ्याचा कागद दोनदा वाचला. वाटलं, लिहिताना काहीतरी गडबड झाली असेल. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “मास्तर, चित्रं लावा ना, कोण नको म्हणतो? पैशांचा व्यवहार आला की तो धंदा झाला. बागेत धंदा कसा चालेल?”

आम्ही आज्ञाधारक माणसं. किमती लिहिल्या, पण चित्रांच्या पाठीमागे, पेन्सिलीनं. झाडांना खिळा मारायचा नाही हे आमचं आम्हीच ठरवलं होतं, म्हणून पोफळीच्या खोडांमधून काथ्याची दोरी ताणली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चित्रं लटकवली. सकाळी आठला दव पडलेलं होतं. जलरंगाचा कागद दवानं असा काही फुगतो की माडांची चित्रं लाटांची वाटायला लागतात. उन्हं वर येईपर्यंत बँकेतले गृहस्थ वर्तमानपत्रानं आपली चित्रं टिपत बसले होते. शेजारच्या कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, दोन माकडं आली, मातीचा एक दिवा उचलून बघितला, खाण्याचा नाही हे कळल्यावर टाकून दिला. त्या दिवशीची ती पहिली समीक्षा.

मग माणसं आली. देवळापाशी अबोलीचे वळेसर (गजरे) विकायला बसणाऱ्या एक काकी आहेत. त्या एका छोट्या चित्रासमोर थांबल्या. चित्रात केळीच्या पानावर मांडलेले वळेसर होते आणि बाजूला पाण्याचा तांब्या. त्यांनी मला हाक मारली, “मास्तर, हाचें मोल कितें?” (याची किंमत काय?)

मी गप्प. आजूबाजूला बघितलं. म्हटलं, काकी, इथं विकायला नाही, बघायला आहे.

काकी हसल्या. “मोल ना, तर हाडलां कित्याक?” (किंमत नाही, तर आणलंय कशाला?)

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मंत्रिमहोदय, तुमच्याकडे असेल तर कळवावं, म्हणून हे पत्र.

पुढचं थोडक्यात सांगतो. काकींनी चित्र उलटं करून बघितलं, पाठीमागचा आकडा वाचला, कमरेची पिशवी सोडली आणि चारशे रुपये ते चित्र काढणाऱ्या पोराच्या हातात ठेवले. कोणीतरी पंचायतीत कळवलं. दुपारी एक माणूस येऊन बघून गेला, आणि दुसऱ्या दिवशीचं प्रदर्शन रद्द करावं असा निरोप आला. आम्ही चिमटे काढले. हळसांद्यांना पाणी घालून घरी गेलो.

आता माझं म्हणणं असं आहे. पंचायतीतल्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर असा कागदच नव्हता, ज्यावर बोट ठेवून तो ‘होय’ म्हणू शकेल. कागद नसला की ‘नाही’ म्हणणं सुरक्षित, हे सरकारी कचेरीचं जुनं शहाणपण आहे. पण तो कागद तुम्ही देऊ शकता, आणि त्याला आधार शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं संविधानाला अकरावी अनुसूची जोडली. पंचायतींकडे कोणकोणते विषय सोपवता येतील त्याची ती यादी. तिच्यात एकविसावा विषय आहे सांस्कृतिक कार्यक्रम. आणि बाविसावा? बाजार आणि जत्रा. ज्यांनी ही यादी केली त्यांना संस्कृती आणि बाजार शेजारी शेजारी बसवताना काही वावगं वाटलं नाही. आमच्या बागेत मात्र या दोघांची तोंडं दोन दिशांना.

गोव्यात तर हे अधिकच नवल. जत्रेला जा. पालखी निघालेली असते आणि दहा पावलांवर खाजं या मिठाईचे ढीग लागलेले असतात, लाकडी खेळणी असतात, बांगड्या असतात. देवाच्या दारात खाजं विकलेलं देवाला चालतं. ओवळाच्या झाडाखाली चारशे रुपयांचं चित्र विकलेलं पंचायतीला चालत नाही. तुमचंच सरकार मातीच्या गणेशमूर्तींसाठी मूर्तिकारांना अनुदान देतं, आणि ते योग्यच आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या स्वस्त मूर्तींपुढे मातीवाल्यानं टिकायचं कसं? पण आमच्यातले ते तिघे भाऊ विचारतात की भाद्रपदात आम्ही विकतो तेव्हा आम्ही कलाकार, आणि डिसेंबरात विकतो तेव्हा फेरीवाले, हे कसं? (फेरीवाला हा शब्द मी तुच्छतेनं लिहीत नाही. त्यांच्यासाठी निदान २०१४ चा कायदा तरी आहे. आमच्यासाठी तोही नाही.)

चित्र विकणं यात काहीतरी कमीपणा आहे, ही समजूत कुठून आली मला ठाऊक नाही. गोव्यातून मुंबईला गेलेले चित्रकार दीनानाथ दलाल आयुष्यभर मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकांची चित्रं करत राहिले. मासिकाच्या किमतीत त्यांचं चित्र मराठी माणसाच्या घरात आलं. माझ्या वडिलांनी अशी कितीतरी मुखपृष्ठं कापून भिंतीला डकवली होती. माझी पहिली आर्ट गॅलरी ती. चित्र विकलं गेलं म्हणून घरात आलं, घरात आलं म्हणून एक पोरगा ते बघत मोठा झाला आणि पुढं ड्रॉइंग मास्तर झाला. काकींच्या घरी आता ते वळेसरांचं चित्र आहे. त्यांची नात दुसरीत शिकते.

गोव्यात कलेसाठी काही होत नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर १९७२ पासून कला महाविद्यालय आहे. चित्रकार लक्ष्मण पै तिथं दहा वर्षं प्राचार्य होते. तिथंच कांपालला वास्तुकार चार्ल्स कोरियांनी उभारलेली कला अकादमी आहे. २०१६ पासून डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी हा मोठा कला-उत्सव भरतो, मी स्वतः दोनदा जाऊन आलो, डोळे निवले. पण सगळं पणजीत, मांडवीच्या काठी. आमच्या कुंभार मुलीनं दहा मडकी घेऊन बस बदलत पणजीला जायचं, ती फुटणार नाहीत याची काळजी करायची आणि संध्याकाळी उरलेली परत आणायची, हे तिला परवडत नाही. मोठ्या सभागृहाचं भाडं तर सोडूनच द्या. तिला शंभर-दीडशे माणसं हवी आहेत, जी चालत येतील, हाताळून बघतील आणि एखादं पणती-मडकं घेऊन जातील. ती माणसं आमच्या बागेत रोजच येतात.

आणि बाग ही फक्त झाडांची जागा असते असंही कुणी समजू नये. पणजीच्या चर्चसमोरची पालिकेची बाग बघा. गार्सिया द ओर्ता या वैद्याचं तिला नाव आहे. इथल्या औषधी झाडपाल्यावरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्या बागेत बँडस्टँड आहे. पोर्तुगीज गेले, बँडस्टँड राहिला. बागेत माणसांनी जमून काहीतरी ऐकावं, बघावं हे त्या राजवटीलाही मान्य होतं.

आम्हाला अनुदान नको. मंडप नको, ध्वनिक्षेपक तर मुळीच नको, उद्घाटनाला समई आणि शाल-श्रीफळही नको. तुमच्या खात्यानं पंचायत खात्याशी बोलून एक परिपत्रक काढावं: नोव्हेंबर ते मे, महिन्यातला एक रविवार, गावच्या सार्वजनिक बागेत किंवा मोकळ्या जागेत स्थानिक कलाकारांना आपली कलाकृती मांडता येईल आणि विकता येईल. ‘आणि विकता येईल’ हे शब्द त्यात हवेतच. तेच गाळले तर बाकीच्या कागदाचा काही उपयोग नाही. जागेचं भाडं पंचायतीनं जरूर घ्यावं, पावती देऊन घ्यावं. शिवाय विक्रीतला दहावा हिस्सा बागेला द्यायचा असं आम्ही आपसात ठरवलं आहे. पाण्याचा पाइप फाटला आहे, तो त्यातून येईल.

यात एक धोका आहे, तो मीच सांगतो. अशी मुभा मिळाली की चार रविवारांत बाहेरचा छापील माल येऊन बसेल. कळंगुटच्या रस्त्यावर ‘गोवा’ लिहिलेल्या ज्या वस्तू मिळतात, त्यांतल्या किती गोव्यात बनतात हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. म्हणून अट साधी ठेवावी: ज्यानं बनवलं त्यानंच बसावं. बसल्या जागी हात दाखवायला सांगितलं तर चित्रकारानं चार रेषा काढून दाखवाव्यात, कुंभारानं मातीचा गोळा फिरवून दाखवावा. खोटा माणूस दुसऱ्या रविवारी येत नाही. आणि गावात कोण काय करतो हे पंचायतीला ओळखपत्राशिवाय कळतं.

आमच्यातल्या एकाला कावीचं काम शिकायचं आहे. मोरजीच्या देवळात ते अजून बघायला मिळतं: चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा लाल थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्यारानं खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. थर सुकला की हात थांबला. हा पोरगा फरशीच्या तुकड्यांवर कावी करून बघतो. पहिले वीस तुकडे फुकट गेले, एकविसावा बरा आला. तो कोणी दोनशे रुपयांना घेतला तर बाविसावा होईल. नाहीतर तो वेर्णाच्या कारखान्यात लागेल, तिथं त्याला बोलावलंही आहे.

पावसाळा संपला की आम्ही पुन्हा अर्ज देणार आहोत. यंदा किमती पुढच्या बाजूला लिहायचा विचार आहे.

आपला,
एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर

ता. क. बागेच्या फाटकावर ‘फुले तोडू नयेत’ असा फलक आहे, तो आमच्यातल्याच फलकवाल्यानं पंचायतीच्या सांगण्यावरून रंगवला. त्याचं बिल दोन चवथी झाल्या तरी पास झालेलं नाही. तो विषय वेगळा, म्हणून वर लिहिला नाही.