मुलांच्या माइनक्राफ्ट सर्व्हरची व्यवस्था लावून देणाऱ्या ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताईंस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आमच्या सोसायटीतील मुलांच्या माइनक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या सर्व्हरवर कोणाला प्रवेश द्यावा आणि कारभार कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न आपण ज्या शिस्तीने मार्गी लावून दिलात, त्याबद्दल सर्व पालकांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. आपले नाव कोठेही येऊ नये अशी आपली इच्छा असल्याने मी केवळ 'ताई' असाच उल्लेख करतो. काम मात्र तपशिलाने सांगतो, कारण डॉकर या प्रणालीच्या कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्या एका बंदिस्त कप्प्यात, असा सर्व्हर चालवणाऱ्या इतर पालकांपुढेही हेच प्रश्न उभे राहतात आणि त्यांची उत्तरे एकत्र क्वचितच सापडतात.

आमचा सर्व्हर जेफ बोर्न यांनी तयार केलेल्या, 'आयटीझेडजी' या खात्यावरील डॉकर इमेजवर, म्हणजे कंटेनरच्या तयार साच्यावर, चालतो. आपण येण्यापूर्वी मागेल त्याला 'ओप' (सर्व्हरवर विशेष अधिकार असलेला खेळाडू) करण्याची पद्धत होती आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. आपण पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी वेगळ्या केल्या : व्हाइटलिस्ट म्हणजे वॉचमनकडची नावांची वही आणि ओप म्हणजे सोसायटीच्या कार्यालयाची किल्ली, वहीत नाव असलेल्या प्रत्येकाला किल्ली देण्याचे कारण नाही. त्याच ओघात आपण एक बारकावाही सांगितलात, की खेळाच्या जावा आवृत्तीत ओप असलेल्या खेळाडूला व्हाइटलिस्टमध्ये नाव नसले तरी आत येता येते. एखाद्याला खरोखरच बाहेर ठेवायचे असेल, तर केवळ पहिल्या यादीतून नाव खोडून भागत नाही, हे तोवर आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

सर्वांत मोलाची मदत झाली ती या याद्यांचा मूळ दस्तऐवज कोणता मानायचा हे ठरवण्यात. खेळातून आज्ञा दिली की नाव डेटा फोल्डरमधल्या जेसन फाइलमध्ये लिहिले जाते. दुसरीकडे कंटेनर कसा चालवायचा हे लिहिलेल्या कंपोज फाइलमध्ये 'ऑप्स' आणि 'व्हाइटलिस्ट' या चलांतही (मूल्ये देण्याच्या जागांतही) नावे देता येतात आणि कंटेनर सुरू होताना ती त्याच जेसन फाइलमध्ये उतरवली जातात. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हे 'एक्झिस्टिंग ऑप्स फाइल' आणि 'एक्झिस्टिंग व्हाइटलिस्ट फाइल' ही चले ठरवतात, आणि आमच्या बहुतेक गोंधळाचे मूळ तिथेच होते. काही न सांगितल्यास कंपोजमधली यादी जुन्या फाइलमध्ये नुसती मिसळली जाते. त्यामुळे कंपोजमधून नाव काढले तरी तो खेळाडू ओपच राहतो. आणि उलट, खेळात 'डीओप' केले (अधिकार काढले) पण कंपोजमध्ये नाव तसेच राहिले, तर पुढच्या वेळी सर्व्हर सुरू होताच तो पुन्हा ओप होतो. 'काढलेला माणूस परत कसा आला' या प्रश्नावर पालकांच्या गटात बरीच तणातणी झाली होती, एकमेकांवर संशयही घेतला गेला होता. आपण दोन्ही चलांना 'सिंक्रोनाइझ' हे मूल्य दिलेत आणि कंपोज फाइल हाच अखेरचा शब्द ठरवलात. आता तीत असेल तेच नाव राहते, नसेल ते पुढच्या सुरुवातीला गळून पडते.

याचा एक फायदा आम्हाला नंतर कळला. सुट्टीच्या दिवशी देखरेख करणाऱ्या पालकाला खेळातूनच तात्पुरते ओप केले, तर ते अधिकार परत घेण्याची आठवण कोणी ठेवावी लागत नाही. रात्री सर्व्हर पुन्हा सुरू होतो तेव्हा यादी आपोआप मूळ स्थितीला येते. शिवाय कंपोज फाइल गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवण्याचा आपला आग्रह असल्याने कायमचे अधिकार कोणाला, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून दिले, याची तारीखवार नोंद राहते. सोसायटीच्या इतर कामकाजातही इतकी स्वच्छ नोंद सापडत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

नावांऐवजी यूयूआयडी (प्रत्येक खात्याचा न बदलणारा क्रमांक) लिहिण्याची आपली सूचना सुरुवातीला मला अनावश्यक कटकट वाटली होती. परंतु जावा आवृत्तीत खेळाडूला दर ३० दिवसांनी नाव बदलता येते आणि मुले ती संधी सोडत नाहीत. सर्व्हर खेळाडूला यूयूआयडीनेच ओळखतो. कंपोजमध्ये मात्र जुने नाव राहिले, तर कंटेनर सुरू होताना त्या नावावरून खाते शोधता येत नाही. आता यादीत यूयूआयडी आहेत आणि कोणता क्रमांक कोणत्या मुलाचा, हे यादीच्या वर टिपणी म्हणून लिहिलेले आहे. त्याचबरोबर 'एन्फोर्स व्हाइटलिस्ट' सुरू केल्यामुळे यादी पुन्हा वाचली जाताच तीत नसलेला खेळाडू खेळत असला तरी बाहेर जातो; एरवी तो स्वतःहून निघेपर्यंत आत राहू शकतो.

ऑनलाइन मोड (खात्यांची पडताळणी) सुरूच ठेवण्याबाबत आपण घेतलेली ठाम भूमिका काही पालकांना त्या वेळी रुचली नव्हती. सर्व मुलांकडे विकत घेतलेली खाती नव्हती आणि तो मोड बंद केला असता तर सगळ्यांची सोय झाली असती, हे खरे. पण तो बंद असताना खात्याची पडताळणी होत नाही आणि खेळाडूची ओळख केवळ त्याने सांगितलेल्या नावावरून तयार होते. म्हणजे ओपचे नाव ठाऊक असलेला कोणीही तेच नाव घेऊन त्याच अधिकारांसह आत येऊ शकतो. मग वरची सारी व्यवस्था कागदावरच राहते. आपण हे शांतपणे समजावून सांगितलेत, आणि उरलेली खाती शेवटी वर्गणीतून घेतली गेली.

अधिकारांच्या चार पातळ्या आपण उलगडून सांगितल्यात, तेव्हा 'ओप' या एकाच शब्दाखाली किती निरनिराळे अधिकार येतात हे कळले. पहिल्या पातळीचा ओप जगाच्या सुरुवातीच्या जागेभोवतीच्या संरक्षित चौकोनात बांधकाम करू शकतो. दुसऱ्या पातळीवर वस्तू देणे, खेळाचा प्रकार बदलणे अशा आज्ञा येतात. तिसऱ्यावर खेळाडूला बाहेर काढणे, बंदी घालणे आणि दुसऱ्याला ओप करणे. चौथ्यावर सर्व्हर बंद करणे. देखरेखीला तिसरी पातळी पुरते, म्हणून खेळातून ओप केलेल्या माणसाला मिळणारी पातळी आपण मूळच्या ४ वरून ३ वर आणलीत. लकपर्म्ससारखे प्लगइन घालून प्रत्येक आज्ञेची वेगळी परवानगी ठरवावी, असा एका पालकांचा आग्रह होता. एवढ्याशा सर्व्हरसाठी ते ओझे होईल, हे आपले मत मला आज अधिकच पटते.

मात्र खरा सर्वाधिकारी ओपच्या यादीत नसतो, ही आपली सूचना माझ्या मते सर्वांत महत्त्वाची होती. ज्याला यजमान संगणकावर (ज्यावर कंटेनर चालतो त्यावर) डॉकरच्या आज्ञा चालवता येतात, तो 'डॉकर एक्झेक'ने कंटेनरमध्ये शिरून 'आरकॉन सीएलआय'मार्फत (आरकॉन म्हणजे सर्व्हरला बाहेरून आज्ञा देण्याची सोय) कोणालाही ओप करू शकतो. इतकेच नव्हे, लिनक्समध्ये डॉकर गटाचे सदस्यत्व हे व्यवहारात त्या संगणकाच्या रूट (सर्वोच्च) अधिकारांइतकेच असते. आपण त्या गटात दोनच जण ठेवलेत. खेळासाठी २५५६५ हे एकच पोर्ट (जोडणीचे दार) उघडे ठेवून आरकॉनचे २५५७५ बाहेर दिलेच नाहीत, कारण आरकॉनचा संवाद कूटबद्ध नसतो आणि डॉकरने बाहेर दिलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नियम डावलून खुले राहते. फायरवॉल लावली आहे म्हणून निर्धास्त असलेल्या आम्हा मंडळींना हे ऐकून धक्काच बसला. आयपी पत्त्यावर बंदी घालण्यापूर्वी लॉगमध्ये खेळाडूचा खरा पत्ता दिसतो की डॉकरच्या अंतर्गत जाळ्याचा, हे पाहण्याची आपली ताकीदही आम्ही पाळतो. दुसऱ्या स्थितीत सर्वांचा पत्ता एकच दिसत असल्याने एका बंदीने सर्वच मुले बाहेर गेली असती.

या सर्व कामाचा मोबदला आपण घेतला नाहीत, आणि आपल्या सुट्टीचे दिवस त्यात गेले, याची आम्हा सर्वांना जाणीव आहे. पुढील महिन्यापासून सर्व्हरची जबाबदारी माझ्याकडून दुसऱ्या एका पालकांकडे जात आहे. 'ऑप्स'मधील माझा यूयूआयडी काढून त्यांचा घालण्याचा आणि डॉकर गटातून माझे खाते वगळण्याचा बदल मी तयार करून ठेवला आहे. तो लागू करण्यापूर्वी आपण एकदा नजरेखालून घालावा, एवढी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
सोसायटीतील एक पालक