गाळलेल्या जागा

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला गाडीत बसल्यावर सापडेल. फोनवर लिहिलं असतं तर तू अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस, म्हणून कागद.

सोबत माझा फोटो आहे. 1993, नववीची सहल, दिल्ली. पिवळा स्वेटर आणि मिटलेले डोळे, ती मी. मागे इंडिया गेटजवळची दगडी छत्री दिसते ना, ती रिकामी आहे. मी सरांना विचारलं होतं, "यात काय होतं?" सर म्हणाले, "रांग मोडू नका." उत्तर पुढे कधीतरी वाचनात मिळालं. तिथे पंचम जॉर्जचा पुतळा होता, तो 1968 मध्ये हलवला. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं छत्री मोकळीच. तुला मात्र तिथे 2022 मध्ये बसवलेले नेताजी दिसतील.

तेव्हापासून मला खोड लागली. कुठेही गेलं की तिथे काय नाही ते आधी बघायचं. काय आहे ते गाइड सांगतोच. तुमच्या पेपरात 'गाळलेल्या जागा भरा' असतं, तसंच. दिल्ली त्यासाठी फार चांगलं गाव आहे.

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासपाशी मयूरासनाची गोष्ट ऐकायला मिळेल. ते 1739 मध्ये नादिरशाहनं नेलं. ती गोष्ट चालू असताना तू मान वर कर. आता दिसतं ते रंगवलेलं लाकडी छत. आधीचं चांदीनं मढवलेलं होतं आणि ती चांदी 1760 मध्ये आपल्याच भाऊसाहेबांनी काढली. फौजेला द्यायला पैसा नव्हता, म्हणून वितळवून रुपये पाडले. पुढे पाच-सहा महिन्यांत पानिपत. पानिपत म्हटलं की आपला गळा दाटून येतो, पण या छताचा विषय सहसा निघत नाही. नादिरशाहनं लुटलं आणि भाऊंनी नाइलाजानं काढलं, असं मलाही म्हणावंसं वाटतं. तू त्या छताखाली उभी राहून तुझं ठरव. (सोमवारी किल्ला बंद असतो. सरांनी बघितलं असेलच.)

कुतुबमिनारला दार आहे, पण ते बंद. आत 379 पायऱ्या आहेत. 4 डिसेंबर 1981 ला आतले दिवे गेले, अंधारात जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 45 जण गेले. बहुतेक शाळेची मुलं, तुमच्यासारखीच सहलीला आलेली. आजी मला आठवडाभर "दिल्ली नको" म्हणत होती ती याच बातमीमुळे. मी तेव्हा तिला हसले होते. काल तुझी बॅग भरताना हसू आलं नाही.

तीस जानेवारी मार्गावरच्या गांधी स्मृतीत घाई करू नकोस. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत बापूंच्या शेवटच्या पावलांच्या खुणा केल्या आहेत. त्या संध्याकाळी सरदार पटेलांशी बोलणं लांबलं आणि त्यांना प्रार्थनेला उशीर झाला होता. त्या पावलांच्या शेजारून चाल, वर पाय ठेवू नको. आम्ही पोरींनी कुणाचा पाय बसतो ते मापायला घेतलं होतं आणि पहारेकऱ्याची बोलणी खाल्ली होती. शेवटचं पाऊल आलं की आपण आपोआप थांबतो. पुढे पाऊल नाही.

आता तक्रार. तुमच्या वेळापत्रकात मॉलला दोन तास आहेत आणि 26, अलीपूर रोड नाहीच. बाबासाहेब 6 डिसेंबर 1956 ला तिथे गेले. जुना बंगला राहिलेला नाही, त्या जागी उघड्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे. संसद बाहेरून दाखवणार आहेत. ज्या गोल इमारतीत 9 डिसेंबर 1946 पासून संविधान सभा बसली, ती आता 'संविधान सदन' झाली आहे. ती बघून तसंच अलीपूर रोडला न्यायला काय हरकत आहे? सरांना विचार. "रांग मोडू नका" म्हणाले तर जेवताना पुन्हा विचार.

स्वेटर बॅगेत वरच आहे, तळाशी ढकलू नकोस. सकाळी धुकं असतं, रस्ता ओलांडताना मैत्रिणीचा हात धर, लाजू नको.

आणि त्या छत्रीसमोर माझ्यासारखीच उभी राहून एक फोटो काढ. डोळे उघडे ठेवलेस तर उत्तम. माझा फोटो मात्र जपून परत आण, त्याची एकच प्रत आहे.

तुझी,
आई