तक्ता वाचला, म्हणून डोळे ठीक?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूल वर्गात चुळबुळ करते, ओळी गाळते, गृहपाठ अर्धवट टाकते, अशी तक्रार आली की हल्ली लगेच 'एडीएचडी तर नाही ना?' ही, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, शंका निघते. डोळ्यांचा विषय काढला, तर पालक सांगतात, "तपासणी झालीय शाळेत, ६/६ आहे." या उत्तराने चर्चा संपते, ती संपू नये म्हणून हे पत्र.

शाळेच्या तपासणीत मूल लांबचा तक्ता वाचते. त्यातून लांबचे दिसते की नाही, तेवढेच समजते. अभ्यास मात्र हातभर अंतरावर चालतो. प्लस नंबर असलेले लहान मूल डोळ्यातल्या भिंगावर ताण देऊन तो तक्ता बिनचूक वाचू शकते. पुस्तक उघडले की हा ताण आणखी वाढतो, मग अक्षरे पुसट होतात, कपाळ दुखते, आणि मूल खिडकीबाहेर बघू लागते. ते तक्रारही करत नाही, कारण त्याच्या समजुतीने सगळ्यांना असेच दिसत असते. असा लपलेला नंबर नेमका काढायचा तर डोळ्यात थेंब टाकून, भिंगाचा ताण सैल करूनच तपासावे लागते. चार-पाच वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात (२०१६ आणि २०१७) ३ ते ६ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचे एकक) प्लस नंबर असूनही चष्मा नसलेली मुले अक्षरओळखीच्या पूर्वतयारीत आणि लक्ष देण्याच्या चाचण्यांतही मागे दिसली.

दुसरा दोष याहून चकवा देणारा. जवळचे वाचताना दोन्ही डोळे नाकाकडे वळून एकाच अक्षरावर जुळावे लागतात. काहींना हे टिकवता येत नाही. डॉक्टर त्याला 'कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी' म्हणतात. एकेक डोळा उत्तम, पण जोडी जमत नाही. अक्षरे हलतात, दोन दिसतात. असे मूल एक डोळा तळहाताने झाकून वाचते, बोट ठेवूनही ओळ चुकते. शिक्षकांनी हे टिपायला हवे. गोष्ट ऐकताना गुंगून जाणारे आणि वाचताना पाच मिनिटांत उठणारे मूल दिसले, तर मी आधी डोळ्यांकडे बोट दाखवीन. (हा पुरावा नव्हे, नुसती खूण.) सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या नेत्रतज्ज्ञांनी २००५ मध्ये हा दोष असलेल्या २६६ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, त्यांच्यात एडीएचडीचे निदान सर्वसाधारण प्रमाणाच्या सुमारे तिप्पट आढळले.

आता दुसरी बाजू, कारण इथेच दुकानदारी सुरू होते. ही सांगड म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. चष्म्याने एडीएचडी बरा होत नाही आणि एकाच मुलाला दोन्ही असू शकते. एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात; फक्त पुस्तकापुढे अडणारे मूल त्यात आपोआप बसत नाही. डोळे जुळण्याच्या दोषावर दवाखान्यात करून घेतलेल्या व्यायामांचा उपयोग होतो, हे २००८ च्या मोठ्या चाचणीत दिसले. पण २०१९ मध्ये त्याच व्यायामांनी वाचनाचे आकलन सुधारते का, हे तपासले तेव्हा लुटुपुटीच्या व्यायामांपेक्षा फरक पडला नाही. म्हणून 'डोळ्यांच्या व्यायामाने एकाग्रता वाढवा' अशा जाहिरातींना भुलून पैसे घालवण्याचे कारण नाही. उलट एडीएचडीच्या काही औषधांनी नजर धूसर होऊ शकते, तेव्हा औषध चालू असलेल्या मुलाने तशी तक्रार केली तर तो बहाणा समजू नये.

शाळांना विनंती एकच. तपासणीच्या पत्रकावर नुसते 'डोळे: सामान्य' लिहू नका. 'लांबची नजर तपासली. जवळची नजर आणि दोन्ही डोळ्यांचा मेळ तपासलेला नाही' असे स्पष्ट लिहा. आणि लक्ष लागत नाही म्हणून मुलाला डॉक्टरांकडे पाठवताना सोबत नेत्रतज्ज्ञांकडून सविस्तर तपासणीचीही चिठ्ठी द्या.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका