वन्यजीव मंडळावरची नावं आधी सभागृहापुढे ठेवा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
तथा अध्यक्ष, राज्य वन्यजीव मंडळ

महोदय,
स. न. वि. वि.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 6 नुसार राज्य मंडळाचे आपण अध्यक्ष आणि वनमंत्री उपाध्यक्ष. त्यावर तीन आमदार, स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी आणि संवर्धन व पर्यावरण क्षेत्रातली दहा नामवंत मंडळी असतात. या दहांत किमान दोघं अनुसूचित जमातींची हवीत. बाकी बहुतेक अधिकारी. म्हणजे शासनाबाहेरून, कुणाची भीड न धरता बोलतील अशी माणसं जेमतेम तेरा. ती निवडतं सरकार, आणि का निवडली हे जनतेला कळत नाही.

हे पद शोभेचं नाही. अभयारण्यातला अधिवास किंवा पाण्याचा प्रवाह बदलायचा, तर कलम 29 प्रमाणे आधी या मंडळाचा सल्ला घ्यावा लागतो. तिथे नेमका प्रश्न विचारणारं कुणी असलं की काय फरक पडतो, ते नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या महामार्गावर दिसतं. मनसर ते खवासा रस्ता रुंद होताना वन्यजीव अभ्यासकांनी आणि न्यायालयीन लढ्याने भुयारी मार्गांचा आग्रह धरला. आज तिथे पन्नास मीटरपासून साडेसातशे मीटरपर्यंत रुंदीच्या मोकळ्या जागा रस्त्याखाली आहेत. वरून ट्रक धावतात, खालून वाघ जातो. कॅमेऱ्यांनी ते टिपलंय. ‘रुंदी किती?’ हे बैठकीत विचारायला जंगल पायांनी ओळखणारा माणूस लागतो.

नेमणुका चुकल्या तर काय होतं, हेही आपण पाहिलंय. 2014 मध्ये केंद्राने राष्ट्रीय वन्यजीव मंडळ नव्याने स्थापलं, पण कायद्याने सांगितलेल्या संख्येइतक्या संस्था आणि तज्ज्ञ त्यावर घेतलेच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाला त्या मंडळाच्या निर्णयांना स्थगिती द्यावी लागली.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात गव्हर्नर वन्यजीव आयोगावर सदस्य नेमतात, पण राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, मान्यतेशिवाय नेमणूक पक्की होत नाही. समितीपुढे खुली सुनावणी होते. सदस्याला प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. शिकारी, पशुपालक, निसर्गप्रेमी आपलं म्हणणं मांडतात. राजकारण तिथेही आहे, लांडगे जंगलात पुन्हा आणण्यावरून तर जोरात आहे. पण ते लोकांच्या डोळ्यांदेखत होतं.

आपल्या कायद्यात अशी मान्यता सांगितलेली नाही. मात्र अधिसूचनेआधी नावं जाहीर करायला तो आडवाही येत नाही. माझी मागणी एवढीच: तेराही नावं, प्रत्येकाचं प्रत्यक्ष काम आणि हितसंबंध यांच्या तपशिलासह दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावीत. कुणाचं अभयारण्याला लागून रिसॉर्ट आहे, कोण खाण किंवा रस्ते कंपनीचा सल्लागार आहे, हे त्यात स्पष्ट असावं. हरकतींसाठी लोकांना महिनाभर द्यावा आणि आमदारांनी त्यावर चर्चा करावी. सभागृहात टिकलेल्या सदस्याला मंडळाच्या बैठकीत नाही म्हणायचंही बळ येईल.

आणि आदिवासी सदस्यांची नावं मुंबईत ठरवू नयेत. मेळघाट, गडचिरोलीतल्या ग्रामसभांना विचारावं. वाघाच्या आणि वनखात्याच्या, दोघांच्याही शेजारी राहणं काय असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

आपला,
विदर्भातील एक नागरिक