पुराचा धडा आणि सॉफ्टवेअर

सातारा

प्रिय भावा,

परवा फोनवर घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. इंटरॅक्टिव्ह धडे, म्हणजे पोरांनी स्क्रीनवर उत्तरं देत पुढं जायचे धडे, बनवायचं सॉफ्टवेअर शिकायचंय म्हणालास, मला मनापासून बरं वाटलं, पण त्या महागड्या कोर्सचे पैसे अजून भरू नकोस. स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट ही असे धडे बनवायची विकतची सॉफ्टवेअर चांगलीच आहेत पण त्यांचं लायसन्स आपल्या शाळांना झेपत नाही, आणि त्याच कामाचं एचफाइव्हपी फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आपल्या कामाला भरपूर झालं. लॅपटॉपवर लुमी नावाचं ॲप टाकून घे, त्यात नेट नसलं तरी एचफाइव्हपीचे धडे बनवता येतात आणि तयार धडा ब्राउझरमध्ये उघडणारी एचटीएमएल फाइल करून पेनड्राइव्हवर नेता येतो.

आता शिकायचं कसं, तर एचफाइव्हपीच्या साइटवर धड्याच्या प्रत्येक प्रकाराचे नमुने आहेत, खाली रीयूजचं बटण असतं, फाइल उतरवून घे, लुमीत उघड आणि आतून कसं जोडलंय ते बघत बस, मग एकेक गोष्ट बदलून बघ. नुसते व्हिडिओ बघून हात बसत नाही रे. आवाजासाठी ऑडॅसिटी, चित्रांसाठी इंकस्केप लागेल, त्यांना आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघ, बरेचसे मराठीतही आहेत, अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर ठेवून ते करतील तसं आपण करत जायचं, अशी त्यांची पद्धतच आहे. आणि विज्ञानाला फेट नावाच्या साइटची सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, मराठीत तयार मिळतात, ती परत बनवत बसू नकोस.

शोधताना ऑथरवेअर, डिरेक्टर, फ्लॅश या बंद पडलेल्या सॉफ्टवेअरची जुनी ट्युटोरियल सापडतील. ऑथरवेअर त्या काळी लई भारी होतं, रेषेवर आयकॉन ओढून ठेवले की धडा तयार, पण ते बनवणारी मॅक्रोमीडिया कंपनी 2005 मध्ये अडोबीकडे गेली आणि 2007 मध्ये ऑथरवेअरचं काम थांबलं, फ्लॅशचा सपोर्ट 31 डिसेंबर 2020 ला संपला आणि लोकांनी वर्षानुवर्षं बनवलेले धडे ब्राउझरमध्ये उघडेनात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मजकूर, चित्रं, आवाज वेगळ्या फोल्डरमध्ये सांभाळून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लाव.

पण खरं काम कागदावर होतं. तू सांगलीत आहेस, पुराचाच धडा घे ना! एचफाइव्हपीत ब्रांचिंग सिनारिओ नावाचा प्रकार आहे, त्यात पोरगं जो निर्णय घेईल तशी पुढची स्क्रीन येते, त्याला अगदी फिट बसेल. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर, म्हणजे इशारा पातळी, कोयनेतून विसर्ग वाढवलाय, पाऊस थांबत नाही, घरात आजी आहे, दावणीला दोन म्हशी आहेत, आता पहिलं काय हलवायचं ते पोरानं ठरवायचं. थांबूया म्हटलं तर पुढच्या स्क्रीनवर 45 फूट, धोका पातळी, आणि गल्लीत पाणी आलेलं. तिथं ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहू नकोस, घेतलेल्या निर्णयाचं पुढं काय झालं तेच दाखव, पोरं त्यातनंच शिकतात असं माझं पक्कं मत आहे. 2019 चा पूर तुझ्या वर्गातल्या कितीतरी घरांनी पाहिलाय, पालकांना विचार, त्यांनी तेव्हा काय ठरवलं होतं तेच पर्याय म्हणून टाक.

तीनच निर्णय ठेव, जास्त फाटे फोडलेस तर पसारा आवरत नाही. कुठल्या निर्णयावरून कुठं जायचं याचे वहीत बाण काढून झाले की फोटो व्हॉट्सॲपवर टाक, लुमीत बसवायला रविवारी मी येतो सांगलीला. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दोस्त